कापलेले आणि उरलेले

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शालेय जीवनात कलेचे स्थान' या विषयावर मी बोलावे, असे महोत्सव समितीने सुचवले होते. विषय मोठा आहे. अशा मोठ्या विषयावर बोलताना वक्त्याचा आवाज चढत जातो आणि श्रोत्यांच्या हाती मात्र फारसे लागत नाही, हा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे. म्हणून समितीची अनुज्ञा घेऊन मी तो विषय लहान करून घेतला. गेली काही वर्षे शनिवारी सकाळी मी शाळेतल्या सातवी ते नववीच्या मुलांना एक तंत्र शिकवते. कागद कापून त्याचा छाप तयार करायचा, त्या छापातून रंग उमटवून चित्र छापायचे आणि कापताना गळून पडलेले तुकडे त्याच चित्रावर चिकटवून ते पुरे करायचे. स्टेन्सिल आणि कोलाज, आपल्या भाषेत छाप आणि चिकटचित्र, यांचा हा जोड आहे. आज मी एवढ्याविषयीच बोलणार आहे.

शाळेत कलेला स्थान असावे की नसावे, हे त्यावरून आपण ठरवायचे आहे. ते यंदा खरोखरच ठरवावे लागणार आहे. नव्या इमारतीच्या आराखड्यात चित्रकलेची स्वतंत्र खोली ठेवावी, की ती जागा दुसऱ्या कामाला द्यावी, हा प्रश्न समितीपुढे आहे हे आपण जाणताच.

छाप ही वस्तू आपल्याला नवी नाही. दिवाळीत उंबरठ्यापुढे आपण पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे रांगोळीचे छाप वापरतो. मालमोटारीच्या मागच्या फळीवर, लाकडी खोक्यांवर, गोणपाटावर अक्षरे उमटवतात ती छापानेच. तत्त्व अगदी साधे आहे. एखाद्या पातळ वस्तूला भोक पाडायचे आणि त्यातून रंग पलीकडे जाऊ द्यायचा. जिथे कागद नाही तिथे रंग उमटतो आणि जिथे कागद आहे तिथे पृष्ठभाग कोरा राहतो. मानवाची ही युक्ती किती जुनी असावी? इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांमध्ये भिंतीवर तळहात टेकवून त्याच्याभोवती लाल रंग फवारलेला आहे. हात काढून घेतल्यावर मागे हाताची कोरी आकृती राहिली. या आकृत्यांपैकी काही सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे संशोधक मानतात. म्हणजे माणसाने जपून ठेवलेल्या चित्रांपैकी अगदी आरंभीची चित्रे छापाची आहेत, आणि त्यांत छाप म्हणून वापरलेली वस्तू माणसाचा स्वतःचा हात आहे.

या सभागृहात जे माजी विद्यार्थी पन्नाशी-साठीच्या पुढचे आहेत, त्यांना आणखी एक छाप आठवत असेल. सहामाहीची प्रश्नपत्रिका हाती पडली की आधी नाकाला शाईचा वास यायचा. त्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल केलेल्या असत. मेणाचा लेप दिलेला एक पातळ कागद असे. त्यावर टोकदार लेखणीने लिहिले की तेवढ्या रेघेपुरते मेण बाजूला सरकायचे. तो कागद शाईच्या रुळावर चढवून फिरवला की जिथले मेण गेले असेल तिथून शाई झिरपून खालच्या कागदावर उमटायची. त्या कागदाला आपले शिक्षक 'स्टेन्सिल'च म्हणत आणि तो 'कापला' असे म्हणत. भोवतालचे छापखाने गुजराती खिळ्यांचे असताना आपल्या शिक्षकांनी मराठी प्रश्नपत्रिका, सहलीच्या सूचना, स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम स्वतःच्या हस्ताक्षरात असे स्टेन्सिल कापून छापले. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी शाळेला हे यंत्र किती उपयोगी पडले, याचे मोल आज संगणकाच्या काळात सहज लक्षात येत नाही.

आता वर्गात काय होते ते सांगते. पहिल्या दिवशी मी मुलांना एकच काम देते. जाड कागदावर 'मराठी' हा शब्द ठळक अक्षरांत लिहा आणि अक्षरे कापून काढा. मुले उत्साहाने कापतात आणि थोड्याच वेळात वर्गात गडबड सुरू होते. 'म'च्या पोटातला चौकोन खाली पडलेला असतो. 'ठ'च्या आतला गोल पडलेला असतो. दीर्घ वेलांटीच्या कमानीखालचा तुकडाही गेलेला असतो. शिरोरेषा तर सगळ्या शब्दावरून जाणारी एक लांबच लांब चीर होते आणि कागद तिथून लोंबू लागतो. छापातून रंग लावला तर 'म'च्या जागी एक भरीव ठोकळा उमटतो.

इथे मुलांना छापाचा मुख्य नियम स्वतःहून सापडतो. जे आत राहायला हवे, त्याला बाहेरच्या कागदाशी धरून ठेवणारा एक बारीक सांधा सोडावा लागतो. सांधा सोडला की 'ठ' तुटक दिसतो, पण 'ठ' म्हणून ओळखू येतो. शिरोरेषा दोन-तीन ठिकाणी खंडित ठेवली की कागद तग धरतो. छापाने रंगवलेली अक्षरे अशी तुटक का असतात, हे मुलांना त्या दिवशी कळते. आपली मुले बडोद्याची असल्यामुळे दोन्ही लिप्या जाणतात. मग कोणीतरी गुजराती अक्षरे कापून पाहतोच. गुजरातीला शिरोरेषा नाही, तिथला 'म' वरून उघडा असतो, म्हणून त्याच्या पोटातला कागद जागच्या जागी राहतो. दोन लिप्यांच्या बांधणीतला हा फरक व्याकरणाच्या तासाला तोंडी सांगितला असता तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. तो त्यांच्या बोटांनी शोधून काढला, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहतो.

सांध्याच्या या अडचणीवर निरनिराळ्या देशांतल्या कारागिरांनी जे उपाय शोधले, त्यांचा एक सुंदर इतिहास आहे. जपानमध्ये किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्यासाठी कागदी छाप वापरत. तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेल्या कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून त्यांना एका फळाचा तुरट रस देत. त्याने कागद चिवट होई आणि पाण्याला दाद देत नसे. नक्षी इतकी नाजूक असे की सांधे सोडायला जागाच उरत नसे. तेव्हा कारागीर दोन थरांच्या मध्ये रेशमाचे अतिशय बारीक धागे ताणून बसवत. धागे सर्व तुकड्यांना धरून ठेवत, आणि इतके बारीक असत की रंग किंवा खळ त्यांच्या भोवतीने सहज खाली उतरे. पुढे ताणलेल्या रेशमी कापडावरच आकृती बंद-उघड करण्याची पद्धत आली. लग्नपत्रिकांपासून कापडी फलकांपर्यंत आपण जी स्क्रीन प्रिंटिंगची छपाई पाहतो ती हीच. आपल्या सायक्लोस्टाइलच्या कागदातही तेच घडत होते. मेण गेले तरी कागदाचे तंतू मागे राहत, म्हणून तिथला 'ठ' कधी रिकामा झाला नाही.

छापाची आपली भारतीय परंपरा पाहायची तर व्रजभूमीत जावे लागते. मथुरा-वृंदावनच्या मंदिरांत पितृपक्षात, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद वद्यात आणि तिकडच्या पंचांगाप्रमाणे आश्विन कृष्णात, सांझी काढतात. बारीक कात्रीने कापलेले कागदी छाप मातीच्या वेदीवर ठेवायचे आणि पातळ कापडातून कोरडा रंग त्यावर चाळायचा. एकाच आकृतीसाठी एकाहून अधिक छाप असतात. एकातून झाडाची पाने, दुसऱ्यातून फुले, तिसऱ्यातून गाईचे अंग. ते क्रमाने ठेवत गेले की कृष्णलीलेचे चित्र उभे राहते. संध्याकाळी दर्शन होते आणि ती सांझी पुढे मोडली जाते. छाप मात्र राहतात, पिढ्यान्पिढ्या राहतात. पुष्टिमार्गाच्या हवेल्यांतूनही सांझीची प्रथा आहे, आणि नाथद्वाऱ्यात केळीच्या पानांचे आकार कापून सांझी सजवतात. तिथे छाप आणि चिकटचित्र यांची वेस जवळजवळ पुसली जाते. माळव्यातल्या मुली याच दिवसांत भिंतीवर शेणाची संजा मांडून तिला फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचे कागद लावतात, तेही कोलाजच.

तंत्र शिकवताना मी सांझीचाच क्रम पाळते. आधी मुलांनी चित्र रंगांच्या हिशेबाने उलगडायचे. चित्रात तीन रंग असतील तर तीन छाप लागतील. कोणता रंग आधी, कोणता नंतर? फिका आधी, गडद नंतर, हा सर्वसाधारण नियम. पातळ पिवळ्यावर पातळ निळा आला तर तिसरा छाप न कापताच हिरवा मिळतो, हे एकदा कळले की मुले कंजूष व्यापाऱ्याप्रमाणे रंग वाचवू लागतात. छापासाठी आम्ही जुन्या एक्सरेच्या फिल्मा धुऊन वापरतो. त्या चिवट असतात आणि पुसून पुन्हा वापरता येतात. फिल्म नसेल तर जाड कागदाला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन हात देतो. ते काम अर्थात मोठ्यांनी, उघड्या खिडकीपाशी करायचे. लहानांनी फक्त कात्री वापरायची, मोठ्यांनी कटर. कटर पेन्सिलीसारखा उभा धरायचा आणि वळण आले की पाते वळवण्याऐवजी कागद फिरवायचा. आतली लहान छिद्रे आधी कापायची आणि मोठा आकार शेवटी, कारण मोठा आकार आधी गेला तर कागदातला ताण जातो आणि बारीक काम फाटते.

रंग लावताना सर्वांत मोठा मोह पाण्याचा. पोस्टर रंग पातळ केला की तो छापाच्या कडेखाली शिरतो आणि आकाराला दाढी फुटते. म्हणून रंग सायीसारखा दाट, ब्रश आखूड केसांचा किंवा स्पंजाचा तुकडा, आणि तो आधी रद्दीवर टेकवून जवळजवळ कोरडा करून घ्यायचा. मग कडेकडून मध्याकडे हलकेच ठोकत जायचे, फासायचे नाही. प्रत्येक छाप आधीच्या रंगावर बरोबर बसावा म्हणून पुठ्ठ्याचा एक काटकोन टेबलाला चिकटवून ठेवतो. कागदाचा कोपरा दर वेळी त्यातच टेकवायचा आणि छापाचाही. एवढी शिस्त पाळली की एका छापातून तीस प्रती निघतात आणि तिसावी पहिलीसारखीच दिसते.

इथवर आलो की मनात एक शंका उभी राहते. तीसच्या तीस सारख्याच? मग मुलांनी केले काय? मराठीत 'छापाचे गणपती' असा शब्दप्रयोग आहे, आणि तो कौतुकाने वापरला जात नाही. पालक शाळेवर जे आक्षेप घेतात त्यांतला सर्वांत जुना आक्षेप हाच असतो की शाळा मुलांना एका साच्यातून काढते. आक्षेप पूर्ण खोटा नाही. पाढे, शुद्धलेखन, गणवेश, प्रार्थना हे सारे साचेच आहेत. साच्याशिवाय शाळा चालत नाही, आणि नुसत्या साच्याने ती शाळा राहत नाही.

चित्रकलेच्या इतिहासात हीच अडचण एका फार मोठ्या चित्रकाराला आली. फ्रान्सचा आंरी मातिस. १९४१ मध्ये त्याच्यावर पोटाची अवघड शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला बराच काळ पलंगावर किंवा चाकाच्या खुर्चीत काढावा लागला. तो सत्तरी ओलांडलेला होता. त्याने मदतनिसांकडून कागदांवर गडद गुवाश रंग लावून घेतले आणि मोठी कात्री घेऊन त्या रंगीत कागदातून आकार कापू लागला. आधी रेघ आणि मग रंग असा भेद त्यात उरला नाही. कात्री फिरली की रेघ आणि रंग एकदमच जन्माला येत. हे आकार टाचण्यांनी जागोजागी टाचून, हलवून, पुन्हा टाचून त्याने रचना केल्या. त्यांतल्या वीस रचनांचे पुस्तक तेरियाद या प्रकाशकाने १९४७ मध्ये काढले. त्याचे नाव 'जॅझ'. त्याच्या अवघ्या २७० प्रती निघाल्या, आणि चित्रे छापली ती छापानेच. फ्रेंचमध्ये या पद्धतीला पोश्वार म्हणतात. मूळ कागदांना लावलेलेच गुवाश रंग वापरले, प्रत्येक रंगासाठी निराळा छाप कापला आणि हाताने रंग भरला. काम निर्दोष झाले. जगाने पुस्तक डोक्यावर घेतले. मातिसचे मात्र पूर्ण समाधान झाले नाही. मूळ रचनेत कागदावर कागद चढलेला होता, कडा किंचित उचललेल्या होत्या, त्यांची सावली पडत होती. छापल्यावर ते सारे सपाट झाले. आकार तेच होते आणि रंगही तेच होते, पण हाताने लावलेल्या कागदाचा उठाव निघून गेला.

आमच्या वर्गातल्या जोडाचे मूळ या असमाधानात आहे. छाप आकाराची पुनरावृत्ती देतो, चिकटवलेला कागद उठाव देतो. मग दोन्ही एकाच पानावर का आणू नयेत? आपल्या शहरात हा प्रयोग समजायला फार लांब जावे लागत नाही. उत्तरायणात आपण जे पतंग उडवतो ते पाहा. पतंगाचा आकार ठरलेला, कामट्या ठरलेल्या, पण वेगवेगळ्या रंगांच्या पातळ कागदाच्या पट्ट्या आणि चांद कापून, कडेला खळीचा बारीक हात फिरवून कारागीर ते असे सांधतात की आकाशात प्रत्येक पतंग निराळा दिसतो. आपल्याकडे गणपतीच्या मखरासाठी घोटीव कागदाच्या जाळ्या कापत, तेव्हा त्यामागेही हीच दृष्टी होती. थर्माकोल आला आणि ती कात्री घरातून गेली.

वर्गातला मुख्य पाठ वडाच्या झाडाचा असतो. बडोद्याच्या नावातच वड आहे, आणि वडाचे अंग या तंत्राला फार सोयीचे आहे. खोड आणि पसारा यांचा छाप सगळ्या वर्गाचा मिळून एकच. तो मुलांनी एकत्र बसून ठरवायचा, एकाने कापायचा, सर्वांनी त्यातून छापायचे. प्रत्येकाच्या हाती सारखेच झाड येते. कापताना गळालेले सर्व तुकडे आम्ही एका मोठ्या पाकिटात राखून ठेवतो. पानांच्या जागचे तुकडे पानांच्या आकाराचे असतात, पारंब्यांच्या मधल्या पोकळीचे तुकडे लांबट आणि वाकडे. आता प्रत्येकाने ते तुकडे, रंगवलेले कागद, जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका यांतून आपापल्या पारंब्या कापून चिकटवायच्या. कोणी झाडाखाली पार बांधतो. कोणी पारंब्यांत पतंग अडकवतो. एका मुलीने पारंब्या गुजराती वर्तमानपत्राच्या केल्या आणि जमीन मराठी वहीच्या पानाची, आणि त्याविषयी एक अक्षरही बोलली नाही. झाड सर्वांचे एक, पारंब्या ज्याच्या त्याच्या.

चिकटवण्यासाठी बाजारातला गोंद चालतो, पण मी मैद्याची खळ करायला शिकवते. बांधणी करणारे लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या वर्गात ते नको. रोज ताजी, पातळ खळ करावी, तुकड्याला मधून कडेकडे लावावी आणि चित्र रद्दीत घालून वहीच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबून ठेवावे, म्हणजे कागद सुरळी होत नाही. तुकडे आधी चिकटवून वरून छाप मारला तर रंग दोन्ही पृष्ठभागांना बांधून घेतो. आधी छापून मग चिकटवले तर उठाव राहतो. दोन्ही करून पाहावे आणि आपल्या चित्राला काय हवे ते ठरवावे.

कागद कापणे हे डोळ्यांइतकेच बोटांचे काम आहे, याची साक्ष आपल्या देशातच आहे. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी हे विसाव्या शतकातले थोर चित्रकार. १९५७ मध्ये डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वय त्रेपन्नच्या आसपास होते. पुढची वीसहून अधिक वर्षे त्यांनी काम थांबवले नाही. रेखाटने केली, मातीची व मेणाची शिल्पे केली, आणि रंगीत कागद कापून, स्पर्शाने त्यांच्या कडा जोखून कोलाज केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला. त्यांचेच दुसरे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये अनेक वर्षे शिकवत होते. हात आणि डोके वेगळे करू नका, ही शिकवण त्या वाटेने या शहरात रुजली.

तशी ती इथे त्याआधीच पेरली गेली होती. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तिथे चित्रकला, रंगकाम, कापडछपाई असे हाताचे शिक्षण सुरू झाले, आणि ते देशी भाषेतून मिळावे हा त्यामागचा आग्रह होता. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, छपाईच्या व्यवसायात उतरले आणि मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' घडला. हातांनी करायचे काम आपल्या भाषेतून शिकावे, हा विचार बडोद्याला नवा नाही. आपल्या शाळेचा तो वारसाच आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. ते मला आदराने, पण स्पष्ट विचारतात की, 'बाई, याचा पुढे उपयोग काय?' या कामाने मूल गणितात पहिले येईल, असे आश्वासन मी देणार नाही. तसे मला माहीत नाही आणि तसे सांगणे योग्यही नाही. मी वर्गात जे पाहते तेवढेच सांगते. कापलेला कागद पूर्ववत होत नाही, म्हणून मूल कात्री उघडण्यापूर्वी थांबते आणि विचार करते. तिसऱ्या रंगाचा विचार पहिला छाप कापण्याआधी करावा लागतो, म्हणून ते शेवटापासून मागे येत काम आखायला शिकते. रिकामी जागा हाही एक आकार आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळते. आणि जे गळून पडले ते केरात टाकण्यापूर्वी ते एकदा उचलून पाहते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाविषयी, वर्गात न बोलणाऱ्या मुलीविषयी आपण मोठी माणसे एवढे करतो का, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आणखी एक गोष्ट मी केवळ मराठी शाळेतच बोलू शकते. आपल्या घरांतली मराठी आता स्वयंपाकघर, नातीगोती आणि सणवार एवढ्यापुरती उरत चालली आहे. कामाची भाषा दुसरी झाली आहे. शनिवारच्या वर्गात मात्र मुलांना कड, सांधा, घडी, चीर, खळ, पोत, उठाव, काटकोन हे शब्द लागतात, कारण त्यांच्यावाचून शेजारच्याला मदत मागता येत नाही. 'तुझा सांधा फार बारीक आहे, तुटेल,' असे आठवीतली मुलगी सातवीतल्या मुलाला सांगते, तेव्हा तिथे मराठी कोणी जतन करत नसते, ती वापरात असते. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी शाळांची पटसंख्या हा आपल्या सर्वांच्या काळजीचा विषय आहे. त्यावर अनेक उपाय सुचवले जातात. माझे म्हणणे एवढेच की जिथे हात काम करतात तिथे भाषा टिकते, आणि त्यासाठी हातांना बसायला जागा लागते.

ती जागा केवढी हवी? एक उजेडाची खोली, लांब टेबले, पाण्याचा नळ, ओली चित्रे वाळत घालायला दोरी आणि चिमटे, छाप सपाट ठेवण्यासाठी एक रुंद कपाट, आणि आठवड्यातून सलग दोन तासिका. सलग, कारण एका तासिकेत रंग वाळत नाही. यंत्रे नकोत. एक्सरेच्या फिल्मा आपल्यातले डॉक्टर देतील, लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका आपण सर्व देऊ. संगणककक्षाला माझा विरोध नाही, तोही हवा. पण हातकामाची खोली मोडून तो उभारला तर मुलांना पडद्यावर सगळे आकार मिळतील आणि त्यांतला एकही त्यांनी कापलेला नसेल.

नव्या इमारतीचा आराखडा अजून कागदावर आहे आणि कागद कापण्यापूर्वी थांबून विचार करता येतो. चित्रकलेची खोली आराखड्यात राहावी, एवढी विनंती मी माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या वतीने महोत्सव समितीला करते. ज्यांना ती विनंती पटली असेल त्यांनी सभेनंतर प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. शेजारी वडाची चित्रे मांडलेली आहेत, तीही पाहावीत. झाड सगळीकडे एकच आहे. पारंब्या मात्र सावकाश पाहाव्या लागतील.